मोठ्यांसाठीही एक तास हवा, आणि रिंग दहा फुटांवर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती यायला लागल्या आहेत. पोहणं, स्केटिंग, कराटे, बास्केटबॉल, सगळ्यांखाली एकच ओळ : 'वयोगट ८ ते १६ वर्षे'. दरवर्षी ही ओळ वाचून मी गप्प बसते; यंदा लिहायला घेतलं. बास्केटबॉल खेळणारी पण कुठल्याही स्पर्धेत न उतरणारी मोठी माणसं सोलापुरात आहेत. त्यांना शिकवायला कुणी नाही, आणि त्यांच्या हाती पडणारं सामान बहुतेक वेळा त्यांच्यासाठी चुकीचं असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं शरीर पुष्कळ चुका पोटात घालतं. चाळिशीतलं शरीर घालत नाही. तेव्हा शिकण्याची आणि नीट सामानाची गरज आम्हाला मुलांपेक्षा काकणभर जास्तच आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. पत्र लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी. पण हा विषय चार ओळींत मावणारा नाही.

अशोक चौकाजवळ आमचा शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. सकाळी सहाला एका शाळेच्या मागच्या मैदानावर आम्ही बायका जमतो. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या काही जणी, एक बँकेत असलेली, दोन शिक्षिका, एक औषधाच्या दुकानात बसणारी. शाळेत असताना खेळलेल्या मोजक्याच; बाकीच्यांनी चेंडू पहिल्यांदा हातात धरला तो मुलं मोठी झाल्यावर. मैदानावर दोन रिंगा आहेत. एकीखाली मुरूम, दुसरीखाली सिमेंटचा कोबा. दुसऱ्या रिंगेवर पुरुषांचा गट असतो, त्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट मैदानावर येणारेही आहेत. कुणालाच जिल्हा संघात जायचं नाही. मशीनवर दिवसभर बसणाऱ्या बाईची मान खाली, खांदे पुढे आलेले, कंबर आखडलेली. ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन चेंडू वर सोडते, तेव्हा तिला काय मिळतं हे मी रोज बघते. औषधाने तेवढं मिळत नाही.

हा खेळ मुळात मोठ्यांसाठीच निघाला होता, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांच्याकडे जो वर्ग होता तो वयाने मोठ्या विद्यार्थ्यांचा. बाहेर कडाक्याची थंडी, आत त्याच त्या कवायतींना सगळे कंटाळलेले. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, आणि रिंग आजही दहा फुटांवरच असते. लगोलग १८९२ मध्ये तिथल्याच मुलींच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींना शिकवायला घेतला. म्हणजे बायकांचा या खेळाशी संबंध खेळाच्या जन्माइतकाच जुना आहे. आपल्याकडची बातमीही आनंदाची आहे. भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचावं एवढ्या अंतरावरची. पण शिरीनला बघून टाळ्या वाजवणाऱ्या बाईने स्वतः कुठे खेळायचं, कसं शिकायचं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

शिकायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. मध्यंतरी एक निवृत्त क्रीडाशिक्षक काही सकाळी आमच्यात आले. आल्या आल्या म्हणाले, "ताई, चेंडू ठेवा बाजूला. आधी पाय दाखवा." सगळ्या जणी हिरमुसल्या. आम्हाला बास्केट टाकायची होती, आणि सर आम्हाला नुसतं थांबायला शिकवत होते. पळत येऊन दोन्ही पाय एकदम टेकवायचे, पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे वाकवून, बूड जरा मागे. त्याला जंप स्टॉप म्हणतात. मग एक पाय खिळवून ठेवायचा आणि दुसरा फिरवायचा, तो पिव्हट. त्यानंतर उडी. उडी मारणं सगळ्यांना येतं, उतरणं येत नाही. उतरताना आधी चवडा टेकायचा, मग टाच, आवाज कमीत कमी; आणि गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत, आत वळता कामा नयेत. या शेवटच्या गोष्टीवर सर फार अडून बसायचे. त्याला कारण आहे. गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा बंध तुटण्याचं प्रमाण अशा खेळांमध्ये पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असतं, आणि तो बहुधा कुणाची धडक न लागताच तुटतो : अचानक थांबताना, दिशा बदलताना, वेडंवाकडं उतरताना. शस्त्रक्रिया करावी लागली तर पुन्हा मैदानावर यायला वर्षाच्या आसपास लागू शकतं. ज्या बाईचा पगार शिवलेल्या नगांवर आहे तिने एवढे महिने कुठून आणायचे?

घोट्याचंही तेच. बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त होणारी दुखापत म्हणजे घोटा मुरगळणं, आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच्या पायावर पाय पडून होतं. आमची बँकेतली मैत्रीण रिबाउंडला, म्हणजे रिंगेवरून परत आलेला चेंडू धरायला, उडाली आणि खाली येताना तिचा पाय दुसरीच्या बुटावर पडून आत वळला. लगेच दोघी धावल्या, एकीने पिशवीतलं तेल काढून चोळायला सुरुवात केली. हेतू चांगला, पण ताज्या मुरगळीला चोळलं की आतली सूज वाढते. पाय उंचावर ठेवायचा, रुमालात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ धरायचा, क्रेप बँडेज बांधायचं. आणि दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचाच, घरगुती लेपावर थांबायचं नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त असते, म्हणून नंतरचा व्यायाम महत्त्वाचा : एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. आमच्यातल्या काही जणी सकाळी दात घासताना हे करतात. सर्जिकल सामानाच्या दुकानात लेसने आवळायचा घोट्याचा पट्टा मिळतो, तो मुरगळलेल्या पायाला खेळताना खरोखर उपयोगी पडतो.

पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जी जाड शीर (रक्ताची नव्हे) असते, तिचा तर तिशी-चाळिशीनंतर खेळायला लागलेल्या माणसाने आधी विचार करावा. आठवडाभर बैठं काम आणि रविवारी एकदम दोन तास धावाधाव, हा त्या शिरेवर सगळ्यांत मोठा अत्याचार. पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करणं रोज केलं पाहिजे. पुरुषांच्या गटाला मी हे कळकळीने सांगते, कारण ते आल्या आल्या थेट मॅच लावतात.

नेमबाजीचंही, म्हणजे चेंडू रिंगेत टाकण्याचंही, शिक्षण लागतं. नवीन माणूस येतो आणि तीन गुणांच्या रेषेवर जाऊन उभा राहतो. टीव्हीवर तेच दिसतं ना! ती रेषा रिंगेपासून ६.७५ मीटरवर असते. चाळिशीतल्या नवख्या खांद्याने तिथून चेंडू फेकायचा म्हणजे सगळा जोर कमरेतून आणि दंडातून ओढून काढायचा, हिसका बसणारच. सरांनी आम्हाला रिंगेपासून दोन पावलांवर उभं केलं. कोपर चेंडूखाली, चेंडू तळहातावर न विसावता बोटांच्या पेरांवर, आणि सोडल्यावर मनगट पुढे झुकलेलं. त्यांनी एक हिशोब सांगितला तो मला फार आवडला. रिंगेचा आतला व्यास अठरा इंच. आमच्या चेंडूचा नऊ इंचांच्या आसपास. म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी जवळपास मावतात, एवढं मोठं तोंड आहे. पण ते वरून पाहिलं तर. चेंडू सपाट आला तर त्याच्यासाठी ते तोंड चिंचोळं होत जातं. म्हणून फेक उंच हवी, चेंडू वरून खाली उतरला पाहिजे. हे कळल्यावर माझ्या कटिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीची नेमबाजी आठवडाभरात बदलली. ताकद तीच होती.

आता सामानाकडे येते, आणि सुरुवात रिंगेपासून करते, कारण ती आपण विकत आणत नाही, ती मैदानावर असते आणि आहे तशी आपण स्वीकारतो. आमच्यातली धाकटी एक दिवस म्हणाली, "अक्का, ही रिंग उंच झाल्यासारखी वाटते." मी लोखंडी टेप आणला, शिडी लावली आणि मोजलं. नियमाप्रमाणे रिंगेची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट, हवी. मुरमावरची आमची रिंग ३.१७ भरली. खांब हलला नव्हता, जमीन खाली गेली होती. रिंगेखाली सगळ्यांचे पाय तिथेच आपटतात, पावसात मुरूम वाहून जातो, आणि दरवर्षी थोडी थोडी करत रिंग वर सरकते. कोब्यावरची रिंग मोजली तर तिची पुढची कड ३ मीटरच्याही खाली आलेली, मुलं लोंबकळून लोंबकळून. म्हणजे आम्ही एका रिंगेवर सराव करायचो आणि दुसरीवर गेलो की सगळे चेंडू मागे फळीवर आदळायचे. चुकीच्या मापावर बेतलेला सदरा कितीही सुबक शिवला तरी अंगाला बसत नाही, तसा हा सराव. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने चोपून आम्ही एका रिंगेची उंची परत दहा फुटांवर आणली. दुसरीला वेल्डर लागेल आणि मैदानवाल्यांची परवानगी लागेल. ती तशीच आहे.

जाळी ही तर मला सोलापूरकर म्हणून लागणारी गोष्ट आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात रिंगा उघड्या का? जाळी शोभेची वस्तू नाही. ती चेंडूचा वेग मोडते, चेंडू सरळ खाली पडतो, आणि फेक आत गेली की बाजूने गेली हे फेकणाऱ्याला लांबूनही कळतं. उघड्या रिंगेवर निम्मा वेळ पळालेला चेंडू आणण्यात जातो, आणि आमच्याकडे एक तासच असतो. रिंगेखाली बारा आकडे असतात. प्रत्येक आकड्यात जाड नायलॉन दोरीचा दुहेरी फास अडकवायचा, मग शेजारच्या दोन फासांची एकेक दोरी घेऊन गाठ मारायची, पुढच्या फेरीत गाठी अर्ध्या घराने सरकवायच्या, आणि खाली येताना प्रत्येक घर थोडं लहान करत घेर आवळत न्यायचा. जाळीची लांबी सव्वा फुटापेक्षा जास्त आणि दीड फुटाच्या आत. घेर फार आवळला तर चेंडू अडकतो, फार सोडला तर जाळीचा उपयोग नाही. खालच्या तोंडातून चेंडू किंचित अंग चोरून जावा, एवढं ठेवायचं. दोरीचं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद केलं की उसवत नाही. दोरीचा खर्च किरकोळ आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या दोन शिवणाऱ्या बायकांनी एक जाळी उभी केली. मुलांनी दगड मारून आकडेच तोडलेले असतात तिथे मात्र काही चालत नाही, आकडे आधी जोडावे लागतात.

फळीवरचा छोटा चौकोन रंग उडून दिसेनासा झाला असेल तर तोही रंगवून घ्यावा. ५९ सेंटिमीटर रुंद, ४५ उंच, आणि त्याच्या खालच्या रेषेची वरची कड रिंगेच्या पातळीत. लेअप, म्हणजे पळत येऊन रिंगेजवळून घेतलेली फेक, शिकणाऱ्या नवख्या माणसाला तोच आधार असतो. चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर चेंडू हलकेच लावायचा, पुढचं काम फळी करते.

खांबाबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. नियमात खांब शेवटच्या रेषेच्या बाहेर किमान दोन मीटर मागे असतो आणि त्याला सात फुटांपर्यंत गादी गुंडाळलेली असते. आपल्याकडच्या कितीतरी मैदानांवर तो नुसता लोखंडी पाइप आहे, रेषेला चिकटून. लेअप मारून माणूस वेगात पुढे जातो आणि समोर पाइप. शहरात गादीवाले आहेत, फोम आहे, रेक्झिन आहे. एका खांबाला गादी बांधायला असा कितीसा वेळ लागतो? हे काम पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलू नये.

चेंडूची गोष्ट सोपी आहे, पण तिथेच बायकांची सर्रास फसगत होते. दुकानात जाऊन 'बास्केटबॉल द्या' म्हटलं की सात नंबरचा चेंडू मिळतो. तो पुरुषांचा. घेर साधारण साडेएकोणतीस इंच, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. बायकांचा चेंडू सहा नंबरचा, घेर एक इंचाने कमी आणि वजन ५१० ते ५५० ग्रॅम. लहान मुलांसाठी पाच नंबर. आकडा चेंडूवरच छापलेला असतो, तो बघून घ्यावा. एक इंचाचा फरक काय मोठा, असं वाटेल. लहान पंजाच्या बाईला विचारा. सात नंबरवर शिकलेली बाई चेंडू दोन्ही हातांनी छातीवरून ढकलायला लागते आणि ती सवय मग सुटत नाही. आमच्या भागातल्या दुकानांत सहा नंबर मागितला की 'मागवावा लागेल' असं उत्तर मिळतं. दुकानदारांना माझी विनंती आहे : दोन चेंडू सहा नंबरचे ठेवा. आम्ही येऊ.

कोब्यावर आणि मुरमावर रबराचाच चेंडू घ्यावा. कातडी चेंडू लाकडी तळाच्या बंदिस्त हॉलसाठी असतो, तो आपल्या मैदानावर काही दिवसांत सोलून निघतो. निव्हिया, कॉस्को यांचे रबरी चेंडू आपल्यासारख्यांना पुरेसे आहेत, महागड्याच्या मागे लागायचं कारण नाही. हवा भरताना पंपाची सुई ओली करूनच घालावी, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू कायमचा कामातून जातो. हवा बरोबर आहे का हे बघायला डोक्याच्या उंचीवरून चेंडू नुसता सोडावा; कमरेच्या आसपास उसळला तर ठीक. दुपारी उन्हात ठेवलेला चेंडू संध्याकाळी टणक लागतो, आणि टणक चेंडूने बोटं दुखावतात.

बुटांचं थोडक्यात सांगते. धावायचे बूट हे सरळ पुढे पळण्यासाठी असतात. टाच उंच आणि मऊ, त्यामुळे बाजूला झेप घेताना पाय वळतो. कोर्टवर खेळायच्या बुटाचा तळ सपाट आणि रुंद असतो. उंच गळ्याचा बूट घातला म्हणजे घोटा सुरक्षित, अशी समजूत आहे, तिच्यावर विसंबू नये. लेस नीट आवळलेली असणं आणि पाय आत न सरकणं जास्त महत्त्वाचं. 'नॉन-मार्किंग' म्हणून जे विकतात त्यांचा मऊ तळ बॅडमिंटन हॉलसाठी छान, पण कोबा तो लवकर खातो. बाहेर खेळणाऱ्याने जाड, कडक रबराचा, खोल नागमोडी रेषांचा तळ बघावा. बूट संध्याकाळी घ्यायला जावं, पाय दिवसभरात थोडा फुगलेला असतो, आणि खेळताना जे मोजे घालणार तेच घालून जावं. आणि एक जुना टॉवेल ओला करून मैदानाच्या कडेला ठेवावा. आपल्याकडची धूळ कोब्यावर बसली की तो घसरतो. खेळाआधी आणि मधे बुटाचे तळ त्यावर पुसले की पाय धरून राहतो. टॉवेलची आपल्या गावात कमतरता नाही.

कपडे हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, त्यामुळे इथे जरा थांबते. बाजारात जी तयार बास्केटबॉलची जर्सी मिळते ती पुरुषांच्या मापावर बेतलेली असते. मुंढा (हात घालायची खाच) खोल, गळा उतरलेला. बाईने हात वर केला की सगळं उघडं पडतं, म्हणून ती आत टी-शर्ट घालते, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये दोन थरांत घामाघूम होते. पुष्कळ जणी याच कारणाने खेळायचं सोडतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. आम्ही आमच्यापुरता वेगळा बेत काढला. मुंढा इंच-दीड इंच वर घेतला, छातीला पुरुषी बेतापेक्षा सैल न ठेवता खांदा अरुंद केला, बाजूला कमरेपासून चीर दिली म्हणजे वाकताना ओढ बसत नाही. कापड बारीक छिद्रांचं डॉट निट. सुती बनियनचं कापड घाम पितं आणि अंगाला चिकटून जड होतं. डॉट निट लवकर वाळतं. शिवण फ्लॅटलॉकची, सपाट बसणारी, कारण ओव्हरलॉकची जाड कड काखेत घासून कातडी सोलते. ज्यांना बाह्या हव्यात त्यांना कोपरापर्यंत सैल बाही, ज्यांना डोकं झाकायचं आहे त्यांच्यासाठी त्याच कापडाचा, मागे बंद होणारा स्कार्फ. आमच्यात सगळ्या तऱ्हेच्या बायका आहेत आणि कपड्यापायी कुणी घरी बसलेली नाही. स्पोर्ट्स ब्राबद्दलही मोकळेपणाने लिहिते, कारण कुणी लिहीत नाही. उड्या मारायच्या खेळात ती बुटांइतकीच गरजेची आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानांत ती ठेवलेली नसते, आणि जिथे असते तिथे घालून बघायची सोय नसते. घेताना दोन उड्या मारून बघता आलं पाहिजे. छातीखालचा पट्टा वर सरकला तर माप मोठं आहे.

जागेचा प्रश्न सगळेच मांडतात, पण आमच्यासारख्यांना पूर्ण २८ बाय १५ मीटरचं मैदान लागतच नाही. थ्री बाय थ्री नावाचा प्रकार आता ऑलिंपिकमध्ये आहे, २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या खेळांपासून. एक रिंग, अर्धं मैदान, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू आणि एक बदली. दहा मिनिटं, किंवा २१ गुण आधी होतील तोवर. आठ माणसं जमली की खेळ होतो, आणि दर काही मिनिटांनी दम खायला मिळतो. चाळिशीच्या माणसाला याहून सोयीचा प्रकार नाही. तेव्हा नवीन मोठं कोर्ट बांधायची वाट न बघता असलेल्या रिंगा नीट केल्या तर गल्लोगल्ली हा खेळ चालेल. नवं बांधायचंच असेल तर मैदान उत्तर-दक्षिण असावं. आमची एक रिंग पूर्वेला आहे, सात वाजले की फेकणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन. दिवे लावायचे असतील तर तेही बाजूने लावावेत, रिंगेच्या मागे नकोत.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना माझं मागणं असं आहे की यंदा बास्केटबॉलच्या शिबिरात एक तास 'वय ३० च्या पुढे' असा ठेवा. सकाळी सहा ते सात. एप्रिल-मे मध्ये गणवेशाचा हंगाम असतो, आमच्याकडच्या बायका रात्री उशिरापर्यंत मशीनवर असतात. संध्याकाळची वेळ ठेवली तर त्या येऊच शकणार नाहीत, आणि उन्हाळ्यात कोबा दिवस मावळल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. फी घ्या. आम्ही फुकट मागत नाही. प्रशिक्षकाने आम्हाला मुलांसारखं पळवू नये, पहिला आठवडा पायांवर घालवावा, आणि ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे त्यांची आधी नीट विचारपूस करावी. पाण्याची सोय हवी. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, लिंबू, मीठ, साखरही लागते.

ज्यांच्या ताब्यात मैदानं आहेत त्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टेप लावून रिंगेची उंची बघावी, आकडे जोडावेत, खांबाला गादी बांधावी, आणि सकाळी फाटक सहाला उघडावं. आमच्या मैदानाचं फाटक कुणीतरी चावी घेऊन येईपर्यंत बंद असतं, आणि ज्या तासासाठी बायका पहाटे उठून डबे करून येतात त्यातली वीस मिनिटं फाटकाबाहेर जातात.

बायकांच्या जर्सीचा बेत, कागदावर कापलेला, तीन मापांत तयार आहे. सोलापुरातल्या कुठल्याही महिला मंडळाला, शाळेला किंवा शिंप्याला तो हवा असेल तर मी विनामूल्य देईन; शिवून घ्यायचं कुठे ते त्यांनी ठरवावं. जाळी बांधायलाही आमच्या बायका येऊन शिकवतील, रविवारी दुपारी. दोरी तुमची.

कळावे,
आपली विश्वासू,
गणवेश शिवणारी एक वाचक
अशोक चौक परिसर, सोलापूर